उत्तरेकडच्या खिडकीतील हवर्थिया

प्रश्न (गिरगाव): आमच्या चाळीतील खोलीला एकच उत्तराभिमुख खिडकी आहे. तेथे ठेवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या हवर्थियाची (कोरफडीसारख्या मांसल पानांचे छोटे रोप) खालची पाने जुलैपासून मऊ व पिवळसर होत आहेत. उजेड कमी पडतो आहे की पाणी चुकते आहे?

उत्तर (मुलुंड): पाणीच. ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेतील असून तेथे ती झुडपांच्या व खडकांच्या आडोशाला वाढते. त्यामुळे सावली तिला चालते, परंतु पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कुंडीतील माती लवकर वाळत नाही आणि मुळे कुजतात. रोप उपटून काळी, मऊ मुळे कापावीत, जखमा दोन-तीन दिवस सुकू द्याव्यात आणि निम्मी जाड रेती किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) असलेल्या मिश्रणात, तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत ते पुन्हा लावावे. पहिला आठवडा पाणी घालू नये.

उत्तर (दादर): सहमत. मात्र नवी पाने लांबट व विरळ येऊ लागल्यास उजेडही अपुरा आहे असे समजावे. तरीही रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नये. पाने लालसर पडतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. मुळे खरोखरच काळी निघाली. शिवाय त्या सुंदर चिनी मातीच्या कुंडीला भोकच नव्हते, आणि वर्षभर मी ते पाहिलेही नव्हते!