स्ट्रॅटेजीत नवखे असाल तर ‘हमुराबी’ आधी खेळावा का?

कोठारवाला
स्ट्रॅटेजी गेमच्या वाटेला कधी न गेलेल्याने सुरुवात ‘हमुराबी’पासूनच करावी, असं माझं ठाम मत. मूळ गेम डग डायमेंट यांचा, १९६८ चा. डेव्हिड आल यांनी तो बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत आणला आणि १९७३ मध्ये पुस्तकात छापला. चित्र नाही, नकाशा नाही. प्राचीन सुमेरचा राजा होऊन १० वर्षं राज्य करायचं. दर वर्षी जमीन घेणार की विकणार, लोकांना धान्य किती आणि पेरा किती एकर, एवढंच विचारतो. सुरुवातीला हाताशी १०० माणसं, १००० एकर, २८०० बुशेल (धान्याचं माप). माणशी २० प्रमाणे २००० खाण्यात गेले, एकरी अर्ध्या बुशेलाने ५०० बियाण्यात. उरले ३००. हात आखडायची वेळ पहिल्याच वर्षी येते.

उंदीरमामा
असहमत. हा तर मटका! एकरी उतारा १ ते ५ मधला कुठलाही. जमिनीचा भाव १७ ते २६, तोही फाशावर. सगळं नीट करूनही उतारा १ लागला की नवखा गडी म्हणणार, आपल्यालाच जमत नाही.

कोठारवाला
अहो, जमीन विका ना. उतारा १ लागला तर पीक १००० आणि शिल्लक ३००. माणसं १०५ झाली असं धरा. भाव २६ असेल तर ५० एकर विकून खाणं आणि बियाणं दोन्ही भागतं, १७ असेल तर ७५ एकर. आणि उंदरांचं म्हणाल (तुमचे भाऊबंद!), तर ते पाचात दोनदा येतात, अर्धा नाहीतर चौथाई साठा फस्त करतात. पण पेरणीनंतर कोठारात जे उरलं त्यातलाच. नव्या पिकाला तोंड लावत नाहीत. म्हणून भाव १९ च्या आत असेल तेव्हा शिल्लक जमिनीत घालायची.

तिसरा आकडा
दोघंही खरी गोम सोडून बोलताय. एक माणूस जास्तीत जास्त १० एकर कसतो. सरासरी उतारा ३, म्हणजे ३० बुशेल. त्यातून बियाणं ५ आणि खाणं २० वजा करा, हातात ५. शेवटी गेम कारभारावर शेरा मारतो, तो सगळ्यात वरचा हवा तर माणशी १० एकर लागतात आणि भूकबळींची वार्षिक सरासरी ३ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. म्हणजे नव्या माणसामागे किमान १७० बुशेलांची जमीन घ्यायची, ती फिटायला ३४ वर्षं. राज्य १० वर्षांचं! वर जमीन नि धान्य वाढेल तशी बाहेरून येणारी माणसंही वाढतात. कोठारवाल्यांचा ७५ एकरांचा सौदा लोकांना जगवतो खरा, पण माणशी जमीन ८.८ वर येते.

उंदीरमामा
आता कसं बोललात! त्यात प्लेग. साथीत अर्धी वस्ती जाते, ते मेलेले भूकबळींत धरत नाहीत, आणि माणशी एकर दुप्पट. साथ आली की निकाल सुधारतो, यातून नवख्याने शिकायचं काय? त्यापेक्षा शहर उभारायचा १९८९ चा ‘सिमसिटी’ द्या. सोप्या पातळीवर २०,००० डॉलर हाती, कोळशाचं वीजकेंद्र ३०००, रस्त्याचा एक तुकडा १० ला. कुठे वीज नाही, कुठे गर्दी तुंबली, डोळ्यांना दिसतं.

कोठारवाला
दिसतं, पण आतलं सूत्र कळत नाही. ‘हमुराबी’चा कोड शंभर-सव्वाशे ओळींचा, कुणीही वाचावा.

पाटीपेन्सिल
थोडं अवांतर. याचा पूर्वज ‘सुमेरियन गेम’, १९६४ चा. मेबल अ‍ॅडिस या शिक्षिकेने न्यूयॉर्क राज्यातल्या सहावीच्या मुलांसाठी लिहिला. तो अर्थशास्त्र शिकवायलाच बनवला होता. डायमेंटच्या आवृत्तीत धान्य आणि जमीन तेवढी उरली. मटका आहे की नाही हा वाद मला फिजूल वाटतो. कसणारे हात पुरत नाहीत तेवढी जमीन स्वस्तात घ्यायची आणि २४–२६ ला विकायची, हा डाव आहेच.

तिसरा आकडा
आहे, पण बेताने. सगळी जमीन २६ ला विकून पुढच्या वर्षी सरासरी २१.५ ने घेतली तर २१ टक्के वाढ दिसते. त्यातले सरासरी १५ टक्के उंदीर नेतात आणि वर्षभराचा पेरा बुडतो तो वेगळाच. फक्त पडीक जमीन फिरवा.

उंदीरमामा
म्हणजे नवख्याने आधी संभाव्यता शिकायची? कोडच बदला की. उतारा २ ते ६ करा.

तिसरा आकडा
माणशी शिल्लक १५ होईल. सरासरी २१.५ भावाने २१५ बुशेलांची जमीन, ती फिटायला १४ वर्षं. तरी भागत नाही.

कोठारवाला
मग ११वं वर्ष लागलं का ते तपासणारी ओळ शोधा आणि तिथे २१ लिहा.