नवीन बबल टिप ॲनिमोन एका जागी थांबेना, काय करू?

विश्रामबाग_रीफ (सांगली)
नमस्कार मंडळी. २०० लिटरचा सॉल्टवॉटर टँक आहे, वर्ष होऊन गेलं. काल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईहून बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी) मागवला. सकाळी पिशवी तरंगत ठेवली, मग नळीनं थेंब-थेंब टँकचं पाणी घालून आत सोडला. पुढच्या दगडावर ठेवला होता, संध्याकाळी बघतो तर मागच्या काचेला लिंबाएवढा आकसून बसलाय. तोंडातून तपकिरी चिकट धागाही आला. दोन ऑसेलारिस क्लाऊन मासे त्याला सारख्या ढुशा देतायत. उचलून परत पुढं ठेवू का? खायला काय घालू? आई म्हणतेय, गेला तो.

मिरज_जंक्शन
आईंना सांगा, अजून गेलेला नाही. तपकिरी धागा म्हणजे त्यानं पोट साफ केलं. प्रवासातनं आल्यावर आकसणं, घाण टाकणं, परत फुगणं चालूच राहतं. बघायचं ते तोंडाकडं. तोंड मिटलेलं असेल आणि पायानं काच घट्ट धरली असेल तर निवांत राहा. तोंड सताड उघडं पडून आतलं बाहेर येतंय, अंग गळून पडतंय आणि कुजका वास मारतोय, असं झालं तरच लगेच बाहेर काढा, नाहीतर सगळं पाणी नासेल.

उचलू तर अजिबात नका. काचेवरनं ओढलं की पाय फाटतो, आणि फाटलेला पाय म्हणजे जंतूंना दारच उघडून दिल्यासारखं. बबल टिपला दगडाच्या फटीत पाय खोल घालून नुसते टेंटॅकल (बोटांसारखे अवयव) उजेडात ठेवायला आवडतं. तुम्ही दिलेला दगड सपाट असेल. जागा तोच शोधणार.

आज रात्री करायचंच असं एक काम आहे: वेव्हमेकरला (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंख्याला) स्पंज किंवा जाळी बांधा. फिरता ॲनिमोन पंख्यात गेला की त्याचा चुरा होतो आणि सोबत मासेही जातात. क्लाऊनना भोकाच्या प्लॅस्टिक टोपलीत चार-आठ दिवस वेगळं ठेवा. खाणं आठवडाभर बंद. पुढं मीठ-हळद न लावलेल्या कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, आठवड्यातनं एखाद्या वेळी. त्याचं खरं पोट त्याच्या अंगातल्या शेवाळावर भरतं, म्हणून लाईट महत्त्वाची. पण अंधाऱ्या पिशवीतनं आलाय, तेव्हा लाईट कमी ठेवून हळूहळू वाढवा.

क्षारता किती आहे?

विश्रामबाग_रीफ
दादा, स्पंज बांधला, क्लाऊन टोपलीत. हायड्रोमीटरवर (काट्याचं क्षारता मापक) १.०२३ येतंय. तापमान २९.

सातारा_गोडोली
ताई असाल की दादा माहीत नाही, पण ते २९ आधी खाली आणा. सांगलीच्या उन्हाळ्यात खोलीच तापते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडा, बाष्पीभवनानं दोनेक अंश उतरतात. २५-२६ वर स्थिर झालं की बरं. पंख्यानं पाणी रोज आटेल. मीठ आटत नाही, त्यामुळं एरवी भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याचीच, बोअरचं नको.

मिरज_जंक्शन
बरोबर, फक्त आत्ता १.०२३ आहे म्हणून थोडे दिवस आटलेल्या जागी मिठाचं पाणी घाला. दिवसाला ०.००१ च्या वर चढवू नका, १.०२५-१.०२६ ला थांबा, मग गोडं पाणी. आधी हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटलेत का बघा, टिचकी मारून परत मोजा. बुडबुड्यानं काटा वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो, म्हणजे खरी क्षारता याहून कमीही असेल. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं भिंगाचं यंत्र) मिळाला तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या.

आणखी एक. पूर्वी माशांना तांब्याचं औषध याच टँकमध्ये दिलंय का? ॲनिमोनला तांबं विषारी असतं.

विश्रामबाग_रीफ
नाही, कधीच नाही. टिचकी मारल्यावर १.०२२ आलं! मिठाचं पाणी कालवायला ठेवलंय. आणि मी ताई आहे.

मिरज_जंक्शन
रात्रभर फिरवत ठेवा ताई, ताजं कालवलेलं लगेच घालू नका. लोडशेडिंगसाठी बॅटरीचा एअरपंप आहे ना?