मदत हवी आहे: शोनगाऊअरच्या कोरीव छापचित्रांतली वेल ओळखायची आहे

नमस्कार मंडळी. मार्टिन शोनगाऊअर हा पंधराव्या शतकातला जर्मन चित्रकार, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून ती कागदावर छापणारा. कोल्मारचा (हे गाव आता फ्रान्समध्ये), सोनाराचा मुलगा. 1491 साली वारला. त्याची 'एम' आणि 'एस' अशी सही असलेली सुमारे 116 छापचित्रं आहेत. त्यांतली पानाफुलांची नक्षी मी सध्या निवांत बघतेय आणि त्यातच अडकलेय.

एका नक्षीत हॉपची वेल आहे. बियरला कडवटपणा देणारी तीच. पण इतर पट्ट्यांतली मांसल, कडा मुरडलेली पानं नेमकी कशाची? अकँथस (जुन्या युरोपीय नक्षीत नेहमी दिसणारं मोठ्या पानांचं झुडूप) म्हणावं की थिसल हे काटेरी रानझुडूप? (कोकणातल्या खाडीकाठची मरांडी अकँथसचीच बहीण, म्हणून तिच्या पानांशी ताडून पाहिलं. काटे जुळतात, मुरड नाही.) 'इजिप्तला पलायन' या चित्रात तर त्याने ड्रॅगन ट्री (कॅनरी बेटांवरचं झाड) ओळखू येईल इतका नेमका कोरलाय, म्हणून ही पानं निव्वळ कल्पनेतली असतील असं मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. हॉप आधाराभोवती, वरून पाहिलं तर, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चढते. पण तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. मग छापात दिसणाऱ्या वळणावरून झाड ओळखणं कितपत बरोबर? कोरणारे आधीच उलटं रेखाटन करून घ्यायचे का?

वनस्पतिशास्त्रवाले, आणि कोरणीने धातूवर काम करणारे कुणी असाल तर कृपया सांगा. पान कोरताना तुम्ही हात वळवता की पत्रा फिरवता, हेही ऐकायला आवडेल.