पितळी डी टिन व्हिसल: खालचा सूर टिकत नाही, हेड डगमगतं. काय करावं?

पांढरीदोन
सहा भोकांची स्वस्तातली टिन व्हिसल आहे, डीमधली, म्हणजे पांढरी दोन. नळी पितळेची, हेड, म्हणजे फुंकायचा भाग, प्लास्टिकचं. तीन अडचणी आहेत. सगळी भोकं झाकली की खालचा डी धड लागत नाही, लगेच वरच्या सप्तकात उडी मारतो. वरच्या सप्तकातले ए आणि बी कानात टोचतात. शिवाय ट्यूनरवर अख्खी शिट्टी 15 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी दाखवते. हेड नळीवर किंचित हलतं, पण खालीवर सरकत नाही. आत गोंद असावा. कानस आणि पॉलिश पेपर घरात आहेत. सुरुवात कुठून करू?

वाऱ्याचीवाट
कानस तूर्त बाजूला ठेवा. घासलेलं प्लास्टिक परत येत नाही, आणि या शिट्टीतले बहुतेक दोष न घासताच जातात.

आधी गळती शोधा. सहाही भोकांवर सेलोटेप घट्ट चिकटवा आणि हळू फुंका. आता डी टिकला तर दोष बोटांचा आहे, शिट्टीचा नाही. बासरीवरून येणाऱ्यांचं हे हमखास होतं: मोठ्या बासरीची भोकं पेराने झाकायची सवय असते, इथे बोटाच्या टोकामागचा मऊ भाग सपाट ठेवावा लागतो. टेप लावूनही डी उडत असेल तर हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, खिडकीवर, म्हणजे हेडवरच्या चौकोनी भोकावर, टेप लावा, खालचं तोंड बोटाने बंद करा आणि फुंका. बुडबुडे आले की गळती तिथेच. एवढीशी गळतीसुद्धा खालचा सूर आधी मारते.

हेड सोडवण्यासाठी फक्त सांधा गरम पाण्यात मिनिटभर बुडवा. पाणी 60 ते 70 अंश असावं, उकळतं नको. त्याने फुंकीची फट, म्हणजे तोंडापासून खिडकीपर्यंतची हवेची अरुंद वाट, वाकडी होते. मग नळी रबरी कापडात धरून हेड पिळत काढा. पकड हेडच्या खालच्या जाड भागावर ठेवा, खिडकीवर जोर अजिबात देऊ नका. नळीवरचा जुना गोंद 600 नंबरच्या वॉटर पेपरने साफ करा. हेड सैल बसलं तर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे द्या. वेढे जास्त झाले तर हेडला तडा जातो.

मेणबत्ती
आता खरा फरक पाडणारं काम. काढलेलं हेड नळीच्या बाजूने उजेडाकडे धरा आणि आत बघा. फुंकीच्या फटीच्या जमिनीखाली एक पोकळ खड्डा दिसेल. साच्यात प्लास्टिक सारखं थंड व्हावं म्हणून तिथला ठोकळा भरीव ठेवत नाहीत. पण नळीतली हवा खिडकीपाशी थांबायला हवी, ती या खड्ड्यातही घुमते. त्यामुळे सूर पोकळ येतो आणि सप्तक बदलताना डळमळतो.

पोस्टर चिकटवायची पुट्टी घ्या, साधारण हरभऱ्याएवढी. थोडी थोडी आत सोडून आइस्क्रीमच्या काडीने दाबत जा, मध्ये हवा राहू देऊ नका. शेवटी फटीच्या जमिनीची कड आणि पुट्टी मिळून एक सरळ उभी भिंत दिसली पाहिजे. पुट्टी कडेच्या वर केसभर जरी आली तरी हवेच्या झोताला अडते आणि शिट्टी मुकी होते. पुट्टी नको असेल तर मधमाश्यांचं मेण चालतं, पण मग शिट्टी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायची नाही.

मग फटीतून खिडकीकडे पाहा. साच्याचा बारीक पदर लोंबत असेल तर तेवढाच ब्लेडच्या टोकाने काढा. फट मोठी करू नका, सूर फुसफुसतो आणि वारा जास्त लागतो. खिडकीतल्या पात्याच्या, म्हणजे हवेचा झोत जिथे आपटतो त्या उताराच्या, धारेला बर (बारीक खरखरीत कंगोरा) असेल तर नखाची गुळगुळीत कानस वरच्या उतारावरून दोनदा फिरवा, खालून कधीच नाही.

सहावंभोक
15 सेंटचं गणित सोपं आहे. हेड 1 मिमी बाहेर काढलं की खालचा डी साधारण 6 सेंट उतरतो, पण वरून पहिल्या भोकाचा सी शार्प 11 सेंट उतरतो, कारण तिथे वाजणारी नळी जवळपास निम्मी असते. म्हणून डी आणि सी शार्प दोन्ही तपासत अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरने सरकवा, एकट्या डीवर जाऊ नका. मोजण्याआधी शिट्टी दोन मिनिटं वाजवून गरम करा. तापमान एक अंश वाढलं की सूर साधारण 3 सेंट चढतो. गार शिट्टी जुळवली तर वाजवताना ती चढीच निघणार.

एखादाच सूर चढा असेल, समजा एफ शार्प, तर तो ज्या भोकातून निघतो, म्हणजे खालून दुसऱ्या, त्याच्या हेडकडच्या कडेवर टेपची बारीक पट्टी लावा. उतरा असेल तरच भोक वाढवायचं, तेही त्याच कडेला. भोकांच्या कडांवर बर असते आणि बोट त्यावर नीट बसत नाही. 600 नंबरचा कागद गुंडाळून भोकात हलका फिरवा, म्हणजे झाकणही घट्ट बसतं.

पांढरीदोन
गोंद काढला, दोन वेढे टेप, पुट्टी भरली, हेड 1.5 मिमी बाहेर. खालचा डी आता ठाम, सी शार्पही जागेवर. पण दुसऱ्या सप्तकातला ए 20 सेंट चढा दाखवतोय. हा आधी इतका नव्हता.

मेणबत्ती
हे पुट्टीचंच. तो खड्डा वरच्या सप्तकाला खालच्यापेक्षा जास्त उतरवत होता, तो बुजला की वरचं सप्तक चढतं. आधी फुंक कमी करून पाहा. पुट्टी भरण्याआधी हेडला जोर लागायचा, तो हाताच्या सवयीसारखा अजून राहिला असेल. तरी 10 सेंटपेक्षा जास्त उरलं तर पुट्टीच्या तळाचा, कडेपासून लांबचा भाग काडीने कोरून 2 मिमी खोल करा. वरची कड तशीच राहू द्या. दर वेळी थोडं कोरा, हेड बसवा, डी आणि ए दोन्ही सप्तकांत तपासा.

वाऱ्याचीवाट
फटीत वाफेचं पाणी साचून सूर अडकायला लागला तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब चमचाभर पाण्यात घालून फटीतून सोडा, झटका आणि न पुसता वाळू द्या. मग थेंब न बनता पाणी पसरतं आणि वाट मोकळी राहते.