रेंज ट्रेकला कॅरीमॅट की हवेची मॅट?

सह्यवाट: रेंज ट्रेक म्हणजे डोंगररांगेने काही दिवस सलग चालणं, जसं रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईची खिंड आणि पाचनईमार्गे. अशा मुक्कामी ट्रेकला हल्ली नवे लोक हवेची मॅट आणतात. माझं मत स्पष्ट आहे, सह्याद्रीत फोमची कॅरीमॅटच न्यावी. सॅकबाहेर बांधून करवंदीच्या जाळीतून न्या, गुहेतल्या कातळावर पसरा, दुपारी खिंडीत टाकून बसा, तिला काही होत नाही. हवेच्या मॅटला एक काटा पुरतो आणि पुढचे सगळे मुक्काम कातळावर काढावे लागतात.

रानझोप: हे पाठीवर झोपणाऱ्यांचं झालं. मी कुशीवर झोपते. 10 मिलिमीटर फोममधून खांदा आणि खुबा थेट दगडाला टेकतात. रात्र कूस बदलण्यात जाते, मग दुसऱ्या दिवशी उतारावर पाय लटपटतात. 7 सेंटिमीटरच्या हवेच्या मॅटवर हे होत नाही. फक्त ती टम्म फुगवू नका. कुशीवर आडवं होऊन हवा थोडी थोडी सोडा, खुबा जमिनीला लागायच्या जरा आधी थांबा. पहाटे मॅट मऊ लागली तर लगेच पंक्चर समजू नका, गारव्याने आतली हवा आकसते.

सह्यवाट: आणि खरंच पंक्चर झाली तर? भोक शोधायला मॅट पाण्यात बुडवावी लागते. टाक्यातलं पाणी पिण्याचं असतं, त्यात बुडवणं मला अजिबात पटत नाही.

रानझोप: बुडवायची गरजच नाही. मगभर पाण्यात साबणाचा फेस करून चोळा, भोकापाशी बुडबुडे येतात.

हिमवाट: थंडीचं कोणीच बोलत नाही. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाखाली दबतो, तिथे ऊब राहत नाही. जमिनीचा गारठा मॅटच अडवते. तो किती अडतो हे आर-व्हॅल्यू सांगते. घडीच्या चांगल्या फोम मॅटची ती 2 च्या आसपास असते, थंडीसाठी बनवलेल्या हवेच्या मॅटची 4 च्या वर जाते. आत काहीच थर नसलेली स्वस्त हवेची मॅट मात्र फोमपेक्षाही गार पडते, कारण आतली हवा खेळत राहते. हिमालयात बर्फावर मुक्काम असेल तर फोम खाली, हवेची वर. दोन्हींच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते.

सह्यवाट: बर्फावर मान्य. पण पाठीवर शिधा, भांडी, पाणी घेऊन घाटवाटा चढताना दोन मॅटी मी नेणार नाही. आपल्याकडच्या डिसेंबरला फोम पुरते.

रानझोप: थंडीला पुरते, खुब्याला नाही.