पिशवीतलं पीट आणि शेतातलं पीट

पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या, पुरत्या न कुजलेल्या वनस्पतींची माती. इंग्लंडमध्ये हौशी बागकामासाठी ती विकणं बंद झालं की प्रश्न मिटला, असं एक मत आहे; त्याच्याशी मी निम्माच सहमत आहे. बंदी हवीच. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ती २०२४ पर्यंत आणायची घोषणा केली होती, पण त्या मुदतीत कायदा झालाच नाही.

मात्र मोठं नुकसान पीटच्या जमिनीवरल्या शेतात होतंय. इंग्लंडच्या केंब्रिजशायरमधल्या होम फेन या पीटच्या दलदलीत १८५१ च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीत गाडला, टोक अगदी मातीच्या पातळीला. आज तो जवळजवळ चार मीटर उघडा आहे. खांब तिथेच आहे, जमीन खचली! शेतीसाठी पाण्याचा निचरा केला की पीट आकसतं, आत हवा शिरते आणि हजारो वर्षं न कुजलेले वनस्पतींचे अवशेष कुजून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. नवं पीट साचतं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर.

वनीकरणाचंही तेच. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फ्लो कंट्री या पीटच्या दलदलींच्या प्रदेशात करसवलतीपायी चर खणून सूचिपर्णी झाडं लावली गेली. १९८८ च्या अर्थसंकल्पात सवलत गेली आणि आता तीच झाडं तोडून चर बुजवताहेत.

म्हणून माझा आग्रह पाण्याच्या पातळीचा आहे. सगळं शेत दलदल करायची गरज नाही. भूजल थोडं वर आणलं तरी उत्सर्जन घटतं. पण त्यात शेतकऱ्याचं पीक घटलं, तर ती भरपाई सरकारनेच द्यायला हवी.