४३ विरुद्ध ४१ला 'आघाडी' म्हणायचं का?

चौकस: निवडणुकीआधीच्या चाचणीत एकाला ४३ टक्के, दुसऱ्याला ४१. लगेच मथळा: 'अमुक आघाडीवर, जनतेचा कौल स्पष्ट!' स्पष्ट काय डोंबल? हजार जणांच्या चाचणीत प्रत्येक आकडा ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो आणि दोघांतलं अंतर तर जवळपास ६ टक्के. म्हणजे प्रत्यक्षात ४१वालाच पुढे असू शकतो. अशा वेळी सरळ 'चुरस' लिहा. आणि 'कौल' मतमोजणीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

रोखठोक: उगाच सोवळेपणा. वाचकाला आकडा दिसतोय, त्याला अक्कलही आहे. शिवाय वेगवेगळ्या पाच चाचण्यांत तोच उमेदवार दोन टक्क्यांनी पुढे असेल तर ती आघाडीच. तिथे 'चुरस' लिहिणं ही दिशाभूल नाही का?

चौकस: पाचांचं मान्य. पण मथळे एकेका चाचणीवर बेतलेले असतात, त्याचं काय?

एक नमुना: तुम्ही दोघंही त्या ३ टक्क्यांतच अडकलात. तो हिशोब नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा, असेल तरच लागू पडतो. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं धाडल्या, २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. एवढ्या नमुन्यात चूक नावालाही उरायला नको. त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार म्हणून सांगितलं आणि रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं घेऊन गेले! नावं बरीचशी टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतली, तीही मंदीच्या काळात. त्यात उत्तर पाठवायची हौस रूझवेल्टविरोधकांनाच जास्त. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. (पुढे १९४८ला ड्यूई येणार म्हणून तेही तोंडावर आपटले, आले ट्रूमन.)

रोखठोक: म्हणजे मथळ्यातल्या शब्दांचा वाद निकालात निघाला.

एक नमुना: मथळ्यातल्या, हो. प्रश्नातल्या शब्दांचा नाही. १९४० साली अमेरिकेत विचारलं, 'लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का?' ६२ टक्के म्हणाले, नको. दुसऱ्या गटाला विचारलं, 'अशा भाषणांवर बंदी घालावी का?' 'हो' म्हणणारे ४६च. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यात व्यवहारात काय फरक? पण 'बंदी' शब्द आला की माणूस बिचकतो. आता यातलं 'जनमत' कुठलं, सांगा.

रोखठोक: हे जबरी आहे. तरीही बातमीत अख्खी प्रश्नावली कोण छापणार? मी तर 'दोन टक्क्यांनी पुढे' असंच लिहीन.

चौकस: लिही. पण त्याच वाक्यात किती जणांना विचारलं, कधी विचारलं आणि पैसे कुणी दिले तेही येऊ दे. मग 'पुढे' म्हणालास तरी माझी हरकत नाही. 'कौल'ला मात्र शेवटपर्यंत राहणार.